तीन वड्या, पाच माणसे

गेल्या आषाढात आमच्या कन्येला पहिला पगार मिळाला आणि आमच्या घरात एक पेचप्रसंग उभा राहिला. पहिल्या पगारातून देवापुढे पेढे ठेवावेत, आजीला एक सुती पातळ घ्यावे आणि उरलेले पैसे मुकाट्याने बँकेत टाकावेत, एवढीच माझी अपेक्षा होती. पेढे आले, पातळही आले. तिसऱ्या कलमावर मात्र मतभेद झाला.

"मी तुम्हा सगळ्यांना जेवायला नेणार," तिने जाहीर केले. "आणि सगळ्यांना म्हणजे आजीसकट!"

या 'आजीसकट'मध्येच खरी अडचण होती. आमच्या सासूबाईंना ७८ वे वर्ष लागले आहे. हॉटेलांशी त्यांचे वैर नाही. फक्त बाहेर जेवायला जायचे ठरले, की त्यांना नेमके त्याच दिवशी घर सांभाळायचे असते. दूधवाला यायचा असतो, कोणाचा तरी फोन यायचा असतो, किंवा दुपारचा भात उरलेला असतो आणि तो वाया जाऊ द्यायचा नसतो. गेल्या चोवीस वर्षांत आमच्याबरोबर त्या हॉटेलात किती वेळा आल्या, हे मोजायला एका हाताची बोटे पुरतील. पण नातीपुढे त्यांचे काही चालले नाही. नवे पातळ नेसून त्या निघाल्या. निघताना पर्समध्ये चार बिस्किटे टाकायला विसरल्या नाहीत. "नव्या तऱ्हेचं हॉटेल आहे म्हणतेस ना? असू देत जवळ!"

हॉटेल कर्वे रस्त्यामागच्या एका गल्लीत, जुन्या बंगल्याच्या तळमजल्यावर होते. बंगला म्हणजे आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी पाहिला असेल तसाच. पुढे पडवी, दगडी पायऱ्या, दाराशी पारिजातक. आत दिवाणखान्याच्या आणि माजघराच्या मधली भिंत पाडून जेमतेम आठ टेबले बसवली होती. उजेड समईइतकाच. कट्ट्यापलीकडे उघडे स्वयंपाकघर दिसत होते आणि तिथे तीन तरुण मुले गडबड न करता कामात होती. भिंतीतल्या एका कोनाड्यात निवडुंगाची छोटी कुंडी ठेवलेली होती. आईंनी तिकडे पाहिले आणि हळूच म्हणाल्या, "इथे देव असणार हो पूर्वी."

खुर्च्यांवर स्थिरस्थावर झाल्यावर एक हसतमुख मुलगा आला आणि त्याने आम्हाला नियम समजावून सांगितले. इथे प्रत्येकाने आपले वेगळे ताट मागवायचे नाही. सगळे पदार्थ लहान बशांतून येतात आणि टेबलाच्या मध्यभागी ठेवले जातात. सगळ्यांनी ते वाटून खायचे. माणशी दोन-तीन बशा धराव्यात. शिवाय पदार्थ जसजसे तयार होतील, तसतसे येतील. त्यांना क्रम नाही.

"म्हणजे आधी काय येणार, ते तुम्हालाही ठाऊक नाही?" आमच्या ह्यांनी विचारले. हे हिशेबतपासनीस आहेत. अनिश्चितता त्यांना सोसत नाही.

"नाही सर. तीच तर गंमत आहे!"

या गमतीला जगात मोठी परंपरा आहे. मराठीची प्राध्यापिका असल्यामुळे पदार्थ येईपर्यंत मी शब्दांवर भूक भागवली. स्पेनमध्ये अशा छोट्या बशांना 'तापास' म्हणतात. 'तापार' म्हणजे झाकणे. मद्याच्या पेल्यात माशी पडू नये म्हणून त्यावर पावाची किंवा मांसाची चकती झाकायची, आणि मग ते झाकणच खायचे, अशी या शब्दाची कथा तिकडे सांगतात. त्याच देशाच्या उत्तरेला सान सेबास्तियान नावाचे सागरकाठचे शहर आहे. तिथे पावाच्या तुकड्यावर पदार्थ रचून त्यात काडी टोचतात, आणि कित्येक ठिकाणी शेवटी बशीतल्या काड्या मोजून बिल होते. व्हेनिसच्या छोट्या मद्यगृहांतून 'चिकेत्ती' मिळतात. चीनच्या दक्षिणेकडे चहाबरोबर 'दिमसम' खातात. बांबूच्या लहान करंड्यांतून वाफवून आलेले हे पदार्थ बहुधा एका करंडीत तीन किंवा चार नग असतात. 'दिमसम' ज्या दोन अक्षरांनी लिहितात, त्यांचा शब्दशः अर्थ हृदयाला स्पर्श असा होतो.

पण मला सर्वांत आवडला तो तुर्कस्तान, ग्रीस, लेबनॉन या बाजूचा 'मेझे'. हा शब्द मूळ फारसी. त्याचा अर्थ चव. हाच शब्द फारसीतून आपल्याकडेही आला आणि 'मजा' झाला. तिकडे तो बशीत राहिला आणि इकडे बशीतून निसटून सगळ्या आयुष्यात पसरला. हे मी टेबलावर सांगितले, तेव्हा चिरंजीव म्हणाले, "आई, आज सुट्टी आहे ना कॉलेजला?"

आपल्याकडच्या मोठ्या शहरांत ही पद्धत गेल्या दहा-पंधरा वर्षांत चांगली रुजली. मुंबईत लोअर परळला, कमला मिलच्या आवारात, २०१५ साली 'द बॉम्बे कॅन्टीन' सुरू झाले. त्यामागचे पाकतज्ज्ञ फ्लॉइड कार्डोझ हे मुंबईतच जन्मले आणि न्यूयॉर्कमध्ये नावारूपाला आले. मार्च २०२० मध्ये करोनाने त्यांचे निधन झाले. घरोघरचे प्रांतिक पदार्थ नव्या रूपात, लहान बशीत आणि प्रतिष्ठेने मांडता येतात, हे अशा हॉटेलांनी दाखवून दिले. यात हॉटेलवाल्यांची सोयही आहे. स्वयंपाकघर लहान असले तरी चालते. पाच माणसांचे पाच पदार्थ एकाच क्षणी तयार करण्याची ओढाताण नसते. आणि गिऱ्हाईक, "थोडंसंच तर आहे," असे म्हणत म्हणत आणखी दोन बशा मागवते.

पहिली बशी आली ती भाजलेल्या रताळ्याची, वर शेंगदाण्याचा ठेचा. मागोमाग भोपळ्याच्या फुलांची भजी आली. मग अळंबी घातलेला पावाचा तुकडा आणि त्यानंतर बिटाची कोशिंबीर. टेबल लहान, बशा वाढत चाललेल्या. पाण्याचे पेले कडेला सरकले. आणि आईंचा हात मांडीवरच राहिला.

"आजी, घे ना."

"मधल्या बशीतून सगळ्यांनीच घ्यायचं? आपापल्या चमच्याने?"

प्रश्न उष्ट्याचा होता. आपली भोजनपद्धती आठवून पाहा. आपल्या ताटातही खरे तर छोट्या बशांचाच संसार असतो. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचे. उजवीकडे भाजी आणि आमटी. मध्ये भाताची मूद, वरण आणि तूप. एकाच ताटात दहा चवी, आणि त्याही चमचाचमचाभर. पण ताट ज्याचे त्याचे. दुसऱ्याच्या ताटाला हात लागता कामा नये. आणि या सगळ्या गोष्टी चमचाचमचाभर, योग्य क्रमाने आणि न सांडता वाढण्यासाठी कोणीतरी उभे असावे लागते. तापास, मेझे आणि दिमसम यांच्यापेक्षा आपली पंगत इथे वेगळी पडते. आपल्याकडे सगळे बसतात आणि एक जण वाढते. ती 'एक जण' कोण, हे सांगायला नको.

कन्येने त्या मुलाला बोलावून प्रत्येक बशीसाठी वाढायचा वेगळा चमचा मागितला. त्याने तो हसून आणून दिला. धर्मसंकट टळले. आईंनी चमचा हातात घेतला आणि बघता बघता त्या टेबलाच्या यजमानीण झाल्या. ह्यांच्या बशीत भजी, नातवाच्या बशीत अळंबीचा मोठा तुकडा, माझ्या बशीत कोशिंबीर. इतका वेळ अवघडून बसलेल्या त्या बाई आता खुर्चीतून अर्ध्या उठल्या होत्या. त्यांना बसायला लावावे, हेही आम्हाला कोणाला सुचले नाही. आमची बोटे आणि तोंडे कामात होती.

मग अळूवडी आली.

मेन्यूत तिचे वर्णन पाच ओळींचे होते. प्रत्यक्षात एका पांढऱ्या बशीत तीन वड्या होत्या. वर तीळ, खोबरे आणि बाजूला चिंचेचा एक थेंब. वड्या तीन आणि आम्ही पाच.

अशा हॉटेलांत हा प्रसंग हमखास येतो. चौघे गेले तर तीन नग येतात, पाच जण गेले तर चार. तीन वेगळ्या मित्रमंडळींकडून मी हेच ऐकले आहे. शेवटचा नग बशीत एकटा राहतो. प्रत्येक जण दुसऱ्याला "तू घे" म्हणतो आणि प्रत्येकाचे लक्ष त्याच्यावरच असते. ह्यांनी चष्मा पुसला. चिरंजीव म्हणाले, "तीन भागिले पाच, शून्य पॉइंट सहा." पण शून्य पॉइंट सहा वडी कापायची कशी, हे त्यांच्या इंजिनिअरिंगच्या अभ्यासक्रमात नव्हते.

आईंनी सुरी उचलली. क्षणभरसुद्धा विचार केला नाही. प्रत्येक वडीचा नेमका चतकोर कापून बाजूला काढला. तीन बशांत पाऊण पाऊण वडी ठेवली आणि बाजूला काढलेले तीन चतकोर एकत्र करून चौथ्या बशीत ठेवले. सगळ्यांना अगदी सारखे. वडीचा एक पदरसुद्धा सुटला नाही. आम्ही थक्क झालो. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने तर कौतुकाने मान डोलावली.

या कौशल्यामागे मोठा इतिहास आहे. १९६७ साली त्या लग्न होऊन वाईच्या वाड्यात आल्या, तेव्हा घरात चौदा पाने होत होती. आधी पुरुष, मग मुले आणि मग बायका. एका नारळाच्या वड्या, एका पातेल्यातले श्रीखंड, आंब्याच्या दिवसांत दोन आंबे. सगळे चौदा जणांत बसवायचे आणि कोणी नाक मुरडता कामा नये. हे गणित त्या शाळेत शिकल्या नव्हत्या. पण भांडण न होता वाटणी करणे ही वाड्यातली सर्वांत अवघड विद्या होती आणि ती त्यांना येत होती.

कन्येने मात्र वडी तोंडात घातली नव्हती. ती बशा मोजत होती.

"आजी, तुझी कुठाय?"

"काय गं?"

"वडी. आपण पाच जण आहोत. तू चार वाटे केलेस."

आईंनी बशांकडे पाहिले. बोटाने मोजले. एक, दोन, तीन, चार. मग स्वतःच्या पुढ्यातली रिकामी बशी पाहिली. त्यांच्या चेहऱ्यावर संकोच नव्हता, "मला नको" नव्हते, त्यागाचे समाधानही नव्हते. निव्वळ आश्चर्य होते, चष्मा कपाळावर असताना घरभर शोधणाऱ्या माणसाला शेवटी वाटते तसे.

"अगंबाई, खरंच की! मी मला मोजलंच नाही."

टेबलावर कोणी काही बोलेना. मग ह्यांनी, पन्नाशी उलटलेल्या माणसाने लहान मुलासारखा प्रश्न विचारला, "आई, तुला आंब्याची बाठ आवडायची ना?"

आमच्या घरातले हे सर्वमान्य सत्य होते. आंब्याचे दोन्ही गाल मुलांना, कडेच्या फोडी मोठ्यांना आणि बाठ आईंना, कारण त्यांना बाठच आवडते. पोळी करपली तर ती त्यांना, कारण त्यांना खरपूस आवडते. सायीखालचे दूध आम्हाला आणि भांड्याला लागलेली खरवड त्यांना, कारण लहानपणापासून त्यांना खरवडच आवडते.

आई हसल्या. "बाठीला गर कमी असतो, हे काय मला कळत नाही? चौदा माणसं होती रे. न आवडून सांगते कोणाला?"

त्या हे इतक्या सहजपणे बोलल्या, की त्यात तक्रार शोधूनही सापडली नसती. आपण घरातल्या बायकांच्या त्यागाविषयी पुष्कळ बोलतो. मीही वर्गात स्त्रियांच्या आत्मकथनांवर तास घेते, मुलींना टिपणे काढायला लावते. पण त्याग करणाऱ्याला आपला वाटा ठाऊक असतो. तो वाटा तो हाताने बाजूला सारतो. आईंनी काहीच बाजूला सारले नव्हते. पंचावन्न-साठ वर्षे वाटण्या करता करता त्यांच्या मोजणीतून त्या स्वतःच गळून पडल्या होत्या, आणि आम्हा कोणाला त्याचा पत्ता नव्हता.

हे माझ्या मनात चालले असतानाच मला सकाळची कणीक आठवली. मी रोज मोजून पोळ्या करते. ह्यांच्या तीन, चिरंजीवांच्या पाच, लेकीच्या दोन, आईंच्या दोन. बारा. कित्येक वर्षे मी बाराच मोजत आले आहे. माझ्या पोळ्या? त्या उरलेल्या गोळ्याच्या. कधी दोन होतात, कधी दीड, कधी गोळा उरतच नाही आणि मी डब्यात सकाळचे पोहे नेते. मी एम. ए. झालेली, नोकरी करणारी, स्वतःच्या नावाचे बँकखाते असणारी बाई. मलाही मी मोजलेले नव्हते. आईंकडे पाहून मला वाईट वाटले, त्यापेक्षा त्या क्षणी मी जास्त दचकले.

कन्येने अळूवडीची आणखी एक बशी मागवली. ती येईपर्यंत कोणीही आपला पाऊण वाटा खाल्ला नाही. बशी आल्यावर तिने एक अख्खी वडी आजीपुढे ठेवली आणि वाढायचा चमचा आजीच्या हातातून काढून घेतला. आईंनी वडीचा घास घेतला. पाचही जणांचे लक्ष, त्यांचे स्वतःचेसुद्धा, त्या घासाकडे होते.

"चिंच कमी आहे," त्या म्हणाल्या. "पण उंडा घट्ट वळलाय हो. कोण मुलगा आहे, त्याला सांगा."

सांगितले. कट्ट्यापलीकडून एका मुलाने दोन्ही हात जोडले.

पुढच्या बशा कशा आल्या आणि कशा संपल्या, ते सविस्तर सांगत नाही. दडप्या पोह्यांवर चिरंजीवांनी ताव मारला. नाचणीच्या गोड वडीवर दोन मते पडली. बिल साडेसहा हजारांच्या घरात गेले. ते कन्येने आम्हाला दिसू न देता भरले आणि ह्यांनी तरी ते पाहिलेच. "माणशी तेराशे," हे पायऱ्या उतरताना पुटपुटले. घरी आल्यावर चिरंजीवांनी फ्रीज उघडला आणि दहीभात कालवून घेतला. छोट्या बशांविषयी माझे मत विचाराल, तर अठरा वर्षांच्या मुलाची भूक त्यांच्या हिशेबात बसत नाही, हे मला मान्य आहे. खर्चही आमच्यासारख्यांना वर्षातून एखाद्या वेळीच परवडणारा. पदार्थांना क्रम नसतो, हे तर मला अजूनही पटलेले नाही.

पण त्या टेबलापाशी एक गोष्ट घडते, ती माझ्या स्वयंपाकघरात चोवीस वर्षे घडली नव्हती. तिथे वाढायला उभे राहायची सोय नसते. पदार्थ मध्ये येतो आणि तो आला, की भोवतीची माणसे मोजावी लागतात. घरच्या पातेल्यात किती उरले, हे झाकणाखाली राहते. तिथल्या तीन वड्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतात. म्हणून तर आमची चूक उघडी पडली. यासाठी साडेसहा हजार रुपयेच खर्च करायला हवेत, असे मी म्हणणार नाही. आता रविवारी आम्ही भाजी, आमटी, कोशिंबीर आणि पोळ्यांचा डबा टेबलाच्या मध्ये ठेवतो आणि पाचही जण एकदम बसतो. पहिल्या रविवारी आई तीनदा उठल्या, दुसऱ्या रविवारी दोनदा. पोळ्या आता चौदा होतात.

हा लेख लिहीत असताना आमच्या घरात भाजणीचा वास दरवळतो आहे. दिवाळीचा फराळ हा आपला स्वदेशी छोट्या बशांचा सोहळाच. दोन चकल्या, एक करंजी, मूठभर चिवडा, चार शंकरपाळे, एक लाडू. काल चकलीचा पहिला घाणा निघाला, तेव्हा चव पाहण्यासाठी म्हणून आईंनी फळीवरून बशा काढायला घेतल्या. मी मुद्दामच दाराशी उभी राहून ऐकत होते. एक, दोन, तीन, चार. त्या थांबल्या. मग पाचवी बशी काढली. मी मनातल्या मनात खूश झाले आणि वळणार, तोच त्यांनी फळीवर पुन्हा हात घातला.

"आई, पाच झाल्या की."

"सहा," त्या म्हणाल्या. "धुण्याभांड्याच्या मावशी साडेदहाला येतील. त्यांची बशी कोण मोजणार?"